वृद्धाश्रमाचा अर्ज भरताय? आधी टेप घेऊन खोली बघून या (ठाणे-नवी मुंबई)

वृद्धाश्रम ठरला की घरचे आधी कागदांच्या मागे लागतात. कागद दोन-चार दिवसांत जमतात. खाटेची जागा मात्र एकदा मिळाली की सहसा बदलून मिळत नाही. म्हणून अर्जाआधी मोजमापाचं सांगतो.

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याखाली केंद्राने आदर्श नियम केलेत. त्यांत झोपायच्या खोलीत माणशी 7.5 चौरस मीटर, म्हणजे साधारण 80 चौरस फूट जागा सांगितली आहे. स्वयंपाकघर, जेवणाची खोली, औषधोपचाराची खोली असं सगळं धरून 12 चौरस मीटर. व्हरांडा आणि पॅसेज त्यात मोजायचे नाहीत. माप सरकारी वृद्धाश्रमांसाठीचं आहे, पण खासगी ठिकाणी तेच लावून बघायला आपल्याला कोण अडवतंय? 12 बाय 14 च्या खोलीत या हिशेबाने दोनच खाटा बसतात. चार दिसल्या तर प्रश्न विचारा.

व्हीलचेअर वळायला 5 फूट मोकळी जागा लागते, दाराला 3 फूट. फ्लॅट किंवा रो-हाउसमध्ये चालणाऱ्या केंद्रांत खोलीचं दार ठीक असतं, घोडं अडतं बाथरूमच्या दाराशी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची खाट भिंतीला चिकटवलेली नको, कूस बदलताना दोन्ही बाजूंनी हात पोचायला हवा. आणि पावसाळ्यात ओले कपडे कुठे वाळत घालता, हे जरूर विचारा. उत्तर बहुतेक वेळा खाटांच्या मधल्या दोरीकडे बोट दाखवून मिळतं.

आता पात्रता. कायद्याने 60 पूर्ण झालेली व्यक्ती ज्येष्ठ नागरिक. राज्याच्या अनुदानित वृद्धाश्रमांत निराधार पुरुषांना 60 आणि बायकांना 55 ची अट आहे. चौकशी समाज कल्याण विभागाच्या जिल्हा कार्यालयात करायची. इथे नवी मुंबईकरांची हमखास गफलत होते: वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पण खारघर, कळंबोली, पनवेल रायगडमध्ये. खारघरच्या माणसाने ठाण्याला हेलपाटा घालू नये.

अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर आदर्श नियमांप्रमाणे अधिक गरजू आधी. गरज सारखीच असेल तर वयाने मोठी व्यक्ती, आणि तेही सारखं असेल तर बाई आधी. जात-धर्म बघायचा नाही. स्त्री-पुरुषांची राहण्याची सोय वेगळी, पण नवरा-बायको किंवा रक्ताचं नातं असेल तर एकत्र राहता येतं. जोडप्याने ही मागणी अर्जातच लिहावी, नंतर खोल्यांची अदलाबदल करणं कुणालाच जमत नाही.

कागद नेहमीचेच: आधार, वयाचा पुरावा, फोटो, संसर्गजन्य आजार नसल्याचा डॉक्टरांचा दाखला, चालू औषधांची यादी, जबाबदारी घेणाऱ्या नातेवाइकाचं ओळखपत्र. मोफत जागा हवी असेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखलाही काढून ठेवा. खासगी ठिकाणी अनामत आणि करारनामा असतो.

मुलं खर्च उचलत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. आई-वडील राहतात तिथे किंवा मुलं राहतात त्या जिल्ह्यातही तो चालतो. अडलं तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

सामानाचं सांगायचं राहिलं. घरचं गोदरेजचं कपाट खाटेशेजारी मावणार नाही. एक ट्रंक आणि उशाशी ठेवण्याइतका छोटा देव्हारा चालेल का, हे आजी-आजोबांना सोबत नेऊनच विचारा. कपाट सोडून यायचं त्यांना आहे.

करारावर सही करताना एक कलम शोधा: रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर खाट किती दिवस राखून ठेवणार आणि त्या दिवसांचे पैसे किती घेणार? लिहिलेलं नसेल तर सहीआधी लिहून घ्या.