म्हाताऱ्या घोड्याचं काय करायचं?

दसऱ्याला येवल्यात घोडेबाजार भरतो. गिऱ्हाईक आधी चाल बघतं, मग अंगावरचे भोवरे, आणि सौदा जुळत आला की घोड्याचा ओठ वर करून दात. वरच्या जबड्यातल्या अगदी कडेच्या पटाशीच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी एक बारीक उभी खाच दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती दाताच्या मध्यापर्यंत उतरते, विसाव्या वर्षी टोकाला पोचते आणि त्यानंतर वरून पुसट व्हायला लागते. जाणत्या व्यापाऱ्याला एवढं पुरतं. खाच टोकाला पोचली की भाव पडलाच म्हणून समजा. पण नीट सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. काम संपल्यावरची ही वर्षं चंदी आणि नालबंदीचा खर्च कोणी करायचा?

घोडे कत्तलखान्यात पाठवावेत की नाही, हा जगभरातला वाद खरं तर इथूनच सुरू होतो. आपल्याकडे हा विषय नुसता काढला तरी लोक तोंड वाकडं करतात. नाशकात १८८९ साली गावापासून स्टेशनपर्यंत ट्राम सुरू झाली, ती सुरुवातीला घोडेच ओढायचे. पुढे रिक्षांनी टांगे हटवले, आणि घोडा उरला तो मुख्यतः वरातीपुरता. २०१२ साली देशात सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे-तट्टू होते. २०१९ च्या पशुगणनेत ते सुमारे ३ लाख ४० हजार भरले.

अमेरिकेत २००७ साली घोड्यांचे शेवटचे तीन कत्तलखाने बंद झाले, दोन टेक्सासमधले आणि एक इलिनॉयमधला. प्राणिमित्रांना तो विजय वाटला. पण २०११ च्या सरकारी लेखापरीक्षण अहवालातला आकडा वेगळंच सांगतो. २०१० साली जवळपास १ लाख ३८ हजार घोडे कॅनडा आणि मेक्सिकोला कत्तलीसाठी गेले. बंदीआधी मायदेशात कत्तल आणि निर्यात मिळून जेवढे जात, जवळजवळ तेवढेच. फरक पडला तो प्रवासाच्या लांबीत.

आणि लांबचा प्रवास घोड्याला नुसता थकवत नाही. चरताना त्याची मान खाली असते, त्यामुळे श्वासनलिकेतला कफ आणि जंतू आपोआप बाहेर वाहून जातात. ट्रकमध्ये डोकं वर बांधून तासन्‌तास उभं केलं की हा निचरा थांबतो, जंतू फुप्फुसाकडे उतरतात आणि न्यूमोनिया होऊ शकतो. शिवाय घोडा हा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. अनोळखी वास आला, पाय घसरला की मान उंचावून डोकं झटकतो. कत्तलीआधी कपाळावर पिस्तुलासारख्या यंत्रानं मारायचा बोल्ट, म्हणजे धातूचा दांडा, अचूक जागी बसला तर घोडा क्षणात बेशुद्ध होतो, पण झटकणाऱ्या डोक्यावर नेम धरणं अवघड. गाईगुरांसाठी बांधलेली जागा घोड्याला चालत नाही, हे तिथल्या तज्ज्ञांनी वारंवार सांगितलंय.

मग घोडा खाल्ला तरी का जातो? उत्तर गवतात आहे. गाय चार कप्प्यांच्या पोटात रवंथ करून गवतातला कस पुरेपूर काढते. घोड्याचं आंबवणं पुढे, मोठ्या आतड्यात होतं. त्यात कस कमी निघतो, म्हणून तो जास्त खातो. मांसासाठी पाळायला तोट्याचंच जनावर. पण मध्य आशियाच्या गवताळ मुलखात बर्फ पडल्यावर घोडा खुरानं बर्फ उकरून चरतो, गाईला ते सहसा जमत नाही. कझाकस्तानातल्या बोताई इथे साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत घोड्यांच्या हाडांचे ढीग सापडलेत, आणि आजही तिथे घोड्याचं मांस मानाचं. उलट युरोपात आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी ते निषिद्ध ठरवलं, तर फ्रान्सनं १८६६ साली विक्रीला परवानगी दिली. आपल्याकडेही ऋग्वेदातल्या अश्वमेधाच्या सूक्तात शिजणाऱ्या मांसाचा उल्लेख आहेच. त्यामुळे 'घोडा खाणं अनैसर्गिक' हा मुद्दा मला पटत नाही.

मला पटतो तो औषधांचा मुद्दा. लंगडणाऱ्या घोड्याला फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक सर्रास दिलं जातं. स्वस्त आहे, गुणही येतो. माणसांनाही ते १९४९ पासून संधिवातावर दिलं जायचं, पण काही रुग्णांच्या अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणंच थांबलं आणि त्याचा वापर आवरावा लागला. म्हणून खाण्यासाठीच्या जनावराला ते देता येत नाही. २०१३ साली आयर्लंडमध्ये गोमांसाच्या बर्गरमध्ये घोड्याचा डीएनए सापडला, तेव्हा हीच भीती उफाळली. एका नमुन्यात तर २९ टक्के घोडा होता! ब्रिटनच्या तेव्हाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांनी हिशेब मांडला, की औषधाचा रोजचा डोस पोटात जायला दिवसाला निव्वळ घोड्याच्या मांसाचे ५००-६०० बर्गर खावे लागतील. म्हणजे धोका अगदी थोडा. पण कोणत्या घोड्याला काय टोचलंय हेच कळत नसेल, तर ते मांस अन्न म्हणून विकणं मला तरी चूक वाटतं.

भारतात अन्नसुरक्षेच्या नियमांतल्या मांसाच्या जनावरांमध्ये शेळ्या-मेंढ्या, डुकरं, गोवंशीय जनावरं, कोंबड्या येतात, घोडा नाही. त्यामुळे आपण या वादातून सुटलो असं वाटतं. पण मेलेला घोडा कुणाच्या तरी पोटात जातोच.

नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरच्या पुढे, हरसूलच्या जंगलात खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवायची जागा आहे. ही गिधाडं जनावरांना देत असलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकानं संपत आली, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं बंद पडतात आणि आतल्या अवयवांवर यूरिक अ‍ॅसिडचा पांढरा थर चढतो. २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद झालं, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक ही तशीच वेदनाशामकंही. मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक मात्र गिधाडांना सोसतं.

आता गुंता बघा. म्हाताऱ्या, खिळलेल्या घोड्याला वेदना न देता संपवायचं तर पेंटोबार्बिटल या गुंगीच्या औषधाचं जादा डोसाचं इंजेक्शन हा दयेचा मार्ग. पण ते कलेवरात महिनोन्‌महिने टिकतं आणि खाणाऱ्या पक्ष्यालाही झोपवतं, कधी कायमचं. असा घोडा गिधाडांपुढे टाकता येत नाही, खोल पुरावा लागतो. पाचशे किलोच्या जनावराला जेसीबी लागतो, आणि शहरात तेवढी जागा असतेच कुठे? गोळी घातली तर कलेवरात विष राहत नाही, पण ते बघायची मालकाची तयारी नसते. युरोपात निदान प्रत्येक घोड्याचा पासपोर्ट असतो, त्यात औषधांची नोंद होते. आपल्याकडे वरातीच्या घोडीला मागच्या महिन्यात कुठलं इंजेक्शन दिलं हे विचारलं, तर मालक फार तर बाटलीचा रंग सांगेल.