महाकाय जातीचा कुत्रा दत्तक घ्यायचाय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची प्रक्रिया

ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, मॅस्टिफ, न्यूफाउंडलंड, आयरिश वुल्फहाउंड... पूर्ण वाढीनंतर साधारण ४५ किलोंच्या पुढे जाणारे हे कुत्रे महाकाय जातींत मोडतात. प्राणी निवारा किंवा रेस्क्यू संस्थेकडून असा कुत्रा दत्तक घेतानाही टप्पे नेहमीचेच असतात: अर्ज, बोलणं, घरभेट, कुत्र्याशी भेट आणि करार. फरक पडतो तो प्रश्नांत. अर्ज तपासणाऱ्याला मुख्यतः एवढंच ठरवायचं असतं, की हा कुत्रा काही महिन्यांनी परत तर येणार नाही ना. हे डोक्यात ठेवून अर्ज भरायला बसलात, तर चमत्कारिक वाटणारे प्रश्नही आपोआप समजतात.

पात्रता कोणाची?

अर्जदार सज्ञान हवा. काही संस्था २१ वर्षं पूर्ण असण्याची अट घालतात. घरातल्या सगळ्यांची संमती लागते आणि ती तोंडदेखली चालत नाही. मुलांसकट सगळ्यांना कुत्र्याला भेटायला बोलावतात. घरात आधीचा कुत्रा असेल तर त्यालाही घेऊन या म्हणतात. लहान मूल आहे म्हणून अर्ज सरसकट फेटाळला जातो असं नाही, पण ६० किलोंचा कुत्रा लाडात येऊन नुसता वळला तरी दोन वर्षांचं मूल आडवं होतं. त्यामुळे मुलांची वयं खरीच लिहा.

बंगला आणि अंगण हवंच, हा समज मात्र सोडा. पूर्ण वाढलेले ग्रेट डेन घरात बऱ्यापैकी शांत असतात, फ्लॅटमध्येही रुळतात. अडचण असते जिन्याची. ‘कुत्रा आजारी पडला तर उचलणार कोण?’ हा प्रश्न जवळपास हमखास येतो. ‘बघू तेव्हा’ हे त्याचं उत्तर नाही. वरच्या मजल्यावर राहत असाल आणि लिफ्ट नसेल, तर कोण दोघं उचलतील आणि दवाखान्यात कोणत्या गाडीतून नेतील, ते सरळ लिहा.

कागदपत्रं

ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा सगळीकडे लागतो. आधी प्राणी पाळले असतील तर त्यांच्या लसीकरणाच्या नोंदी आणि पशुवैद्याचा संपर्क मागतात आणि खरोखर फोन करून विचारतात.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांची गाडी अडते ती घरमालकाच्या पत्रावर. करारात ‘पाळीव प्राण्यांना परवानगी’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते पुरेसं धरू नका. बऱ्याच करारांत वजनाची मर्यादा आत कुठेतरी दडलेली असते. पत्रात जात आणि पूर्ण वाढीनंतरचं अंदाजे वजन, दोन्ही लिहून घ्या. पिल्लू दाखवून मिळवलेली तोंडी परवानगी वर्षभरानंतर टिकत नाही.

काही देशांत ठरावीक जाती पाळण्यावर बंदी आहे किंवा त्यासाठी वेगळा परवाना लागतो. ब्रिटनमध्ये धोकादायक कुत्र्यांविषयीच्या १९९१ च्या कायद्याखाली जपानी तोसा आणि फिला ब्राझिलेरो या जातींवर बंदी आहे. मोठी किंवा मिश्र जात घेत असाल तर अर्जाआधीच स्थानिक प्रशासनाकडे चौकशी करा. काही ठिकाणी कुत्र्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमाही सक्तीचा असतो.

अर्जात खर्चाचाही रकाना असतो. तिथे नुसतं ‘परवडेल’ लिहू नका. बरीचशी औषधं वजनावर दिली जातात, म्हणजे ७० किलोंच्या कुत्र्याला १० किलोंच्या कुत्र्याच्या सातपट मात्रा.

घरभेट

येणारी व्यक्ती कुंपण हलवून बघते, फाटकाची कडी तपासते, गुळगुळीत फरशीवर सतरंज्या आहेत का ते पाहते. या जातींना सांध्यांचे त्रास लवकर होतात, म्हणून फरशीची चौकशी. घर आवरून ठेवलं नसेल तरी चालतं. उघडी गॅलरी चालत नाही.

संस्थेकडून काय मागून घ्याल?

कागद एकाच बाजूने द्यायचे नसतात. रेबीजसह लसीकरणाची नोंद, जंतनाशकाच्या तारखा, नसबंदीचा दाखला आणि मायक्रोचिपचा क्रमांक मागा. चिप आंतरराष्ट्रीय मानकाची असेल तर क्रमांक १५ अंकी असतो. स्कॅनर समोर फिरवून घ्या आणि कागदावरचा क्रमांक अंक न् अंक जुळवून पाहा. चिपमध्ये मालकाचं नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. नोंदणीत नाव बदललं नाही, तर हरवलेला कुत्रा सापडला तरी फोन जुन्या मालकाला जाईल.

आणखी एक प्रश्न जरूर विचारा: पोट (म्हणजे जठर) जागचं हलू नये म्हणून आतून टाके घालून बसवलेलं आहे का? खोल छातीच्या या जातींत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका मोठा असतो आणि तसं झालं तर काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागते. पोट बसवण्याची शस्त्रक्रिया नसबंदीबरोबरच करता येते. झाली असेल तर त्याची नोंद घ्या.

पांढरा ग्रेट डेन दिसला तर ऐकू येतं का, दृष्टी कशी आहे, हे विचारा. ठिपकेदार करड्या रंगाच्या दोन कुत्र्यांच्या मीलनातून जन्मलेली अशी पिल्लं अनेकदा बहिरी असतात. त्यांना नाकारा असं म्हणत नाही. हातांच्या खुणांनी ती छान शिकतात. पण माहिती आधी हवी.

करार

सहीआधी दोन कलमं नीट वाचा. पहिलं, कुत्रा विकता येत नाही किंवा परस्पर कोणाला देता येत नाही. सांभाळणं अशक्य झालं तर संस्थेकडेच परत द्यायचा. दुसरं, नसबंदीची मुदत. पिल्लू असेल तर बहुतेक करारांत ती सहा महिन्यांची वगैरे असते. महाकाय जातींची हाडं मात्र दीड-दोन वर्षं वाढत राहतात आणि अनेक पशुवैद्य वाढ पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगतात. पशुवैद्याचं पत्र जोडून मुदतवाढ करारातच लिहून घ्या.

अर्ज नाकारला गेला तर कारण विचारा. कुंपण किंवा घरमालकाचं पत्र असलं काही असेल तर दुरुस्ती करून पुन्हा अर्ज करता येतो. मोठ्या कुत्र्याचा अनुभवच नसेल तर आधी तात्पुरता सांभाळ करायची तयारी दाखवा. त्यासाठी वेगळा, छोटा अर्ज असतो, वैद्यकीय खर्च बहुधा संस्था उचलते, आणि पुढे दत्तकासाठी अर्ज कराल तेव्हा तुमच्या घरात तो कुत्रा कसा राहिला हे संस्थेने पाहिलेलं असतं.