एकरकमी की हप्त्यानं? इम्प्लांट आणि फ्लॅप यांतला फरक

मावशीच्या स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारांसाठी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात प्लास्टिक सर्जनच्या केबिनबाहेर आम्ही नंबर यायची वाट बघत होतो. मावशीनं दारावरची पाटी अक्षर लावून वाचली आणि माझ्याकडं वळली. "म्हणजे प्लास्टिकच बसवणार की गं! उन्हात वैरण कापाय गेलं तर वितळत न्हाई व्हय त्ये?"

शेजारच्या बाकावरची बाई लगेच मदतीला आली. "न्हाई ओ. पोटाची चरबी काढत्यात, सिलिकॉनच्या पिशवीत भरत्यात आन् ती आत बसवत्यात."

दोन वेगळी ऑपरेशनं तिनं एका वाक्यात शिवून टाकली होती. कॅन्सरसाठी स्तन काढल्यावर तो पुन्हा घडवायचे मुख्य प्रकार दोन. एकात सिलिकॉनचं इम्प्लांट बसवतात. दुसऱ्यात बाईच्याच पोटाचा किंवा पाठीचा भाग आणून छातीवर लावतात, त्याला फ्लॅप म्हणतात. डॉक्टर तोच, फायलीवरचा शब्द तोच, आणि ब्लाउज घातल्यावर बाहेरून दिसणारा आकारही पुष्कळदा सारखाच. घोळ होणार नाही तर काय.

आधी त्या 'प्लास्टिक' शब्दाचं बघू. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घडवता येण्याजोगं, मातीसारखं. नाक घडवण्याच्या शस्त्रक्रियेला जर्मन सर्जन ग्रेफे यानं १८१८ साली हा शब्द लावला, तेव्हा आपल्या बादल्या-डब्यांचं प्लास्टिक जन्मायचं होतं. पहिलं पूर्ण कृत्रिम प्लास्टिक, बेकेलाइट, आलं १९०७ मध्ये. आणि खरं तर युरोपनं ही विद्या आपल्याकडं बघूनच उचलली. इंग्रज फौजेत बैलगाडी हाकणारा कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि नाक गमावून परत आला. पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला कपाळाची कातडी वळवून नवीन नाक करून दिलं. ती हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये चित्रासह छापून आली. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आपल्या कुंभारानं केलं की!" तसं म्हणायला हरकत नाही. त्या माणसानं कपाळाची कातडी पूर्ण तोडली नव्हती. दोन भुवयांच्या मध्ये ती जोडलेली ठेवली, म्हणजे तिला रक्त मिळत राहिलं. फ्लॅपचं सगळं मर्म एवढंच आहे: जागा बदला, पण रक्त तुटू देऊ नका.

इम्प्लांटमध्ये हा प्रश्नच येत नाही, कारण ती निर्जीव वस्तू आहे. बाहेरून सिलिकॉनचं कवच आणि आत सिलिकॉनचं जेल किंवा मिठाचं पाणी. उन्हात वितळत नाही, मावशीनं निर्धास्त वैरण कापावी. पुष्कळदा आधी छातीच्या स्नायूखाली किंवा वर एक रिकामा फुगा ठेवतात, त्याला एक्सपांडर म्हणतात. दर आठ-पंधरा दिवसांनी सुईनं त्यात थोडं थोडं सलाईन भरत जातात, कातडी सैल होते आणि काही महिन्यांनी फुगा काढून कायमचं इम्प्लांट बसवतात. पुरेशी चांगली कातडी उरली असेल तर एकाच वेळी थेट इम्प्लांटही बसतं. ऑपरेशन तुलनेनं छोटं, दवाखान्यातला मुक्काम थोडा, आणि पोटाला किंवा पाठीला हात लागत नाही.

फ्लॅपचं काम मोठं आहे. पोटाच्या फ्लॅपमध्ये बेंबीखालची कातडी आणि चरबी अर्धचंद्राच्या आकारात काढतात. जुन्या पद्धतीत, म्हणजे ट्रॅममध्ये, तिच्यासोबत पोटाचा सरळ स्नायूही जातो; हार्ट्राम्फ या अमेरिकन सर्जननं ती १९८२ मध्ये मांडली. डीप नावाच्या नंतरच्या पद्धतीत स्नायू जागेवर ठेवून त्यातून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तेवढ्या सोडवून घेतात आणि छातीच्या हाडाशेजारच्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. दोन-तीन मिलिमीटरची नळी, केसापेक्षा बारीक दोरा. सहा-आठ तास सहज जातात. कुठली वाहिनी धरायची हे आधी सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये, बघून ठेवतात. पहिले एक-दोन दिवस नर्स तासातासाला येऊन त्या फ्लॅपचा रंग, ऊब आणि डॉपलरवरचा, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्रावरचा, ठोका तपासते. जोड बंद पडला तर लगेच परत ऑपरेशन थिएटर. क्वचित सगळा फ्लॅप वाया जातो. हे क्वचितच होतं, पण होत नाही असं कुणी सांगू नये.

पोटाचं ऐकून बाकावरच्या बाईचे डोळे चमकले होते: "म्हणजे पोट बी कमी हुतंय!" होतं, आणि सौंदर्यासाठी पोट कमी करताना जो भाग काढून टाकतात तोच इथं वापरतात. पण याला फुकटची भेट समजू नये. एका कंबरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत वण राहतो. स्नायू घेतला असेल तर पोटाची भिंत सैल पडून फुगवटा किंवा हर्निया होऊ शकतो, त्यासाठी जाळी लावावी लागते. पोटाचा हा भाग आयुष्यात एकदाच वापरता येतो. सिझर झालंय म्हणून फ्लॅप होणार नाही असं बायका धरून चालतात. खालच्या आडव्या वणाचं सिझर सहसा आड येत नाही. पोट आधीच कमी करून घेतलेलं असेल तर मात्र तो मार्ग बंद. आणि मुळातच काटकुळी बाई असेल तर आणायचं काय?

माझ्या डोक्यात हा फरक पक्का बसला तो उसाच्या बिलानं. कारखान्यांची धुराडी पेटायच्या वेळी आमच्या जिल्ह्यात दरवर्षी एकच भांडण असतं: एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, एकरकमी की हप्त्यानं? फ्लॅप एकरकमी आहे. मोठं ऑपरेशन, दोन जखमा, सहा आठवडे पाण्याची घागरसुद्धा उचलायची नाही. एवढा त्रास सुरुवातीलाच भरून टाकायचा. पुढं तो भाग बाईचाच होऊन राहतो: वजन वाढलं की वाढतो, उतरलं की उतरतो, वयानुसार दुसऱ्या बाजूसारखाच थोडा ओघळतो. इम्प्लांटमध्ये सुरुवातीला थोडं भरायचं आणि पुढचे हप्ते चालू. शरीर त्या वस्तूभोवती वणाचं वेष्टन तयार करतं, ते कधी आवळतं, मग छाती दगडासारखी होते, दुखते, वर चढते. कवच आतल्या आत फाटलं तर बाहेरून काही कळतही नाही. म्हणून जेलच्या इम्प्लांटसाठी अमेरिकेच्या औषध नियंत्रकांची शिफारस अशी, की पाच-सहा वर्षांनी पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी करा आणि पुढं दर दोन-तीन वर्षांनी. 'दहा वर्षांनी बदलावंच लागतं' असा छापील नियम नाही. पण इम्प्लांट जन्मभराचं नव्हे, आणि वर्षं जातील तशी दुसऱ्या ऑपरेशनची शक्यता वाढत जाते. खरखरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांट्सभोवती एक दुर्मीळ लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर, आढळल्यामुळं २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीला ती जगभरातून परत घ्यावी लागली. आपल्यात कुठलं बसवलंय ते लिहिलेलं कार्ड मागून घ्यावं आणि रेशनकार्डाबरोबर ठेवावं.

आता मावशीचा खरा मुद्दा, ज्यावर डॉक्टर मॅडमनी सगळ्यात जास्त वेळ घेतला. तिला ऑपरेशननंतर रेडिएशन लागणार होतं, वॉर्डातल्या भाषेत 'लाइट'. लाइट घेतलेली कातडी घट्ट होते, ताणायला कुरकुरते, जखम भरायला वेळ लावते. तिच्याखाली इम्प्लांट बसवलं तर वेष्टन आवळण्याचं, जंतुसंसर्गाचं आणि ते काढावं लागण्याचं प्रमाण बरंच वाढतं. अशा जागी बाहेरून आणलेला, स्वतःचं रक्त घेऊन आलेला फ्लॅप जास्त टिकतो. पण आधी फ्लॅप बसवून मग त्याच्यावर लाइट दिला तर तोही आकसू शकतो. म्हणून लाइट घ्यायचाच असेल तर पुष्कळ सर्जन तो आधी उरकू देतात आणि सहा महिने ते वर्षभर थांबतात. दोन प्रकारांतली निवड कितीदा तरी बाईची नसतेच. ती तिच्या उपचारांच्या क्रमानं आधीच ठरवलेली असते. मला हे कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर आमचा महिना वाचला असता.

मग मॅडमनी विचारलं, "मावशी, मिशरी लावता?"

मावशी गप्प. मी पण. सकाळी चुलीपुढं बसून मिशरी लावणं तिला चहाइतकं अंगवळणी. मिशरीतल्या तंबाखूच्या निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आखडतात, आणि फ्लॅपचा सगळा जीव दोन-तीन मिलिमीटरच्या नळीत. मिशरी आणि डीप एकत्र नांदत नाहीत. इम्प्लांटच्या जखमेलाही ती वाईटच, पण फ्लॅपला जास्त. शुगर ताब्यात नसेल तरीही हेच.

पाठीच्या फ्लॅपचा विषय मावशीनं स्वतःच मिटवला. त्यात पाठीचा रुंद स्नायू पुढं वळवून आणतात; रक्तवाहिनी जोडलेलीच राहते, त्या पुण्याच्या नाकासारखी. पोटापेक्षा ऑपरेशन सोपं. पण पाठीत भर कमी असते, म्हणून कित्येकदा त्याच्याखाली पुन्हा छोटं इम्प्लांट घालावं लागतं, म्हणजे दोन्ही घरचं पाहुणेपण. शिवाय हाच स्नायू हात वरून खाली ओढताना लागतो. रोजच्या आयुष्यात कमतरता जाणवत नाही म्हणतात. दोन म्हशींची वैरण ओढणाऱ्या बाईला जाणवेल. मावशी म्हणाली, "त्ये नको."

दोन्हींत काही गोष्टी सारख्याच, त्या पटकन सांगते. स्पर्श पहिल्यासारखा परत येत नाही; जागा बरीचशी बधिर राहते, म्हणून तिथं गरम पाण्याच्या पिशवीनं शेकू नये, भाजलं तरी कळत नाही. स्तनाग्र शेवटी, काही महिन्यांनी, तिथल्याच कातडीतून किंवा गोंदवून करतात. आणि स्तन घडवल्यामुळं कॅन्सर परत येण्याचं प्रमाण वाढत नाही, हे सासूबाई काहीही म्हणोत.

विम्याचं एक महत्त्वाचं. घरी कुणीतरी छातीठोक सांगतं की प्लास्टिक सर्जरीला मेडिक्लेम मिळत नाही. विमा नियामकांनी ठरवून दिलेल्या अपवर्जनांत, म्हणजे विमा न मिळणाऱ्या गोष्टींत, प्लास्टिक सर्जरी आहे खरी, पण त्याच वाक्यात पुढं अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना त्यातून वगळली आहे. पॉलिसीत 'एक्सक्लुजन ०८' शोधा आणि बोट ठेवून दाखवा.

काहीच न करणं हाही पर्याय असतो. ब्रामध्ये घालायचा सिलिकॉनचा किंवा कापडी पॅड मिळतो, मावशी सध्या तोच वापरते. तिचा लाइट मार्चमध्ये संपला. मिशरीची डबी घरातल्यांनी परड्यात पुरून टाकली, कुठं ते तिला सांगितलेलं नाही. पोटाचा वण नेमका परकराच्या नाडीखाली येतो असं मॅडमनी चित्र काढून दाखवल्यापासून ती नाडी चार बोटं वर बांधायला लागलीय. "सवय करून ठिवतो," म्हणते.