हेड फेसिंगची पार्श्वभूमी: पॅकिंग बदलत गेलं, तसा पृष्ठभागही

इंजिन उघडलं की हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, फेसिंगला, म्हणजे खालचा पृष्ठभाग कापून सपाट करायला जातं. ही रीत आज इतकी रुळली आहे की किती काढायचं, कुठल्या हत्याराने काढायचं आणि पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा, हे प्रश्न बरेचदा विचारलेच जात नाहीत. यांची उत्तरं मात्र दर काही दशकांनी बदलत आली आहेत. ती बदलली हेडखालच्या पॅकिंगमुळे, म्हणजे हेड आणि सिलिंडरचा ब्लॉक यांच्यामधल्या गॅस्केटमुळे.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात बऱ्याच इंजिनांना सुटं हेडच नव्हतं. सिलिंडर आणि त्याचा माथा एकाच ओतकामात बनत असे. व्हॉल्वपर्यंत पोहोचायचं तर वरच्या आटेदार टोप्या उघडायच्या, आणि पिस्टनवरचा कार्बन खरवडायचा तर अख्खा सिलिंडर क्रँककेसवरून उचलायचा. सांधा नव्हता, म्हणून पॅकिंग उडण्याचा प्रश्नही नव्हता. पण देखभाल फार कष्टाची होती. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीने चारही सिलिंडर एका ब्लॉकमध्ये ओतले आणि वर बोल्टने आवळलेलं सुटं हेड बसवलं. सुट्या हेडची रचना सर्वत्र पसरली ती या गाडीमुळे. काम सोपं झालं, पण जाळ, पाणी आणि तेल एकमेकांपासून वेगळं ठेवणारा एक लांबलचक सपाट सांधा कायमचा मागे लागला.

त्या काळी हा सांधा सांभाळणं अवघड नव्हतं. मॉडेल टीचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण, जेमतेम ४ ते ४.५ होतं. व्हॉल्व ब्लॉकमध्ये असल्याने हेड म्हणजे पाण्याच्या पोकळीचं नुसतं बिडाचं झाकण. मध्ये तांब्याच्या दोन पत्र्यांत ॲस्बेस्टॉस दाबलेलं पॅकिंग असे. ते मऊ आणि जाड असल्याने खाचा, चरे, थोडा बाकसुद्धा भरून काढी. हेड वाकलंच तर सरफेस प्लेटवर, म्हणजे अचूक सपाट पाटावर, निळा रंग लावून उंच जागा शोधायच्या आणि स्क्रेपरने खरवडायच्या. पुढे प्लेनर, मग मोठ्या दगडाचे सरफेस ग्राइंडर आले. बिडाला ग्राइंडिंग उत्तम मानवतं, त्यामुळे हेडचं काम म्हणजे ग्राइंडिंग हे समीकरण पक्कं झालं. पुढे ते नडलं.

व्हॉल्व हेडमध्ये आले, कॉम्प्रेशन वाढलं आणि हेड ॲल्युमिनियमचं होऊ लागलं. फियाटच्या १९३७ च्या ११०० इंजिनात ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं होतं. याच घराण्याचं १,०८९ सीसीचं इंजिन पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फियाट ११०० आणि पद्मिनीसाठी बनत राहिलं. त्याच काळातल्या ॲम्बेसेडरच्या १,४८९ सीसी इंजिनाचं हेड बिडाचं. त्यामुळे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींवर हात बसलेल्या मेकॅनिकांना ॲल्युमिनियम हेडची दुखणी फार आधीपासून ठाऊक होती. त्यांतलं मोठं दुखणं होतं खड्ड्यांचं. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नुसतं नळाचं किंवा बोअरिंगचं पाणी फिरलं की पाण्याच्या भोकांच्या कडा खाल्ल्या जातात. खड्डा पॅकिंगच्या सिलिंडरभोवतीच्या कड्यापर्यंत पोहोचला की नुसत्या फेसिंगने भागत नाही. तो आर्गन वेल्डिंगने भरून घ्यायचा आणि मगच पृष्ठभाग काढायचा. सगळा खड्डा जाईपर्यंत हेड कापत राहणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

दुसरं दुखणं वाकण्याचं. ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं: प्रत्येक अंशाला एका मीटरमागे ॲल्युमिनियम सुमारे ०.०२३ मिमी, तर बीड सुमारे ०.०११ मिमी. हेड ४०० मिमी लांब आणि तापमान ८० अंशांनी चढलेलं धरलं, तर हेड ०.७४ मिमी वाढतं आणि ब्लॉक ०.३५ मिमी. म्हणजे प्रत्येक वेळी इंजिन तापलं-निवलं की हेड पॅकिंगवरून दोन्ही टोकांना सुमारे ०.२ मिमी घासत सरकतं. यात पाणी संपून इंजिन तापलं तर बोल्टनी जखडलेल्या हेडला लांबीत वाढायला वाव उरत नाही आणि ते मधोमध वर उचलतं. निवल्यावर हा बाक तसाच राहतो.

१९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली आणि ॲल्युमिनियम हेड, वर कॅमशाफ्ट (व्हॉल्व उघडणारा दांडा), तो फिरवणारा टायमिंग बेल्ट ही रचना गावोगावच्या गॅरेजांत पोहोचली. सुझुकीच्या सर्व्हिस पुस्तिकांत या जातीच्या हेडसाठी बाकाची मर्यादा ०.०५ मिमी दिलेली असते. त्याहून जास्त असेल तर सरफेस प्लेटवर सुमारे ४०० नंबरचा पाण्यातला पॉलिश पेपर ठेवून हेड घासायला सांगितलेलं असतं. किरकोळ बाकासाठी ही पद्धत आजही चांगली आहे. मात्र प्लेट खरोखर सपाट हवी, कागद पूर्ण लांबीभर हवा आणि हेडवर एका बाजूला हात दाबून चालत नाही.

मोजणीही तेव्हाच नेमकी झाली. हेड पूर्ण थंड आणि जुन्या पॅकिंगपासून साफ हवं. स्ट्रेट एज, म्हणजे अचूक सरळ पट्टी, दोन्ही लांब कडांवर, दोन्ही आखूड कडांवर आणि दोन्ही कर्णांवर अशी सहा ठिकाणी ठेवायची आणि ०.०५ मिमीचं फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीची पातळ पट्टी, तिच्याखाली सरकवून पाहायचं. ते कुठेही शिरलं तर काम आहे.

वर कॅम असलेल्या हेडमध्ये फेसिंगपेक्षा मोठी चूक कॅमच्या बाबतीत होते. हेड वाकतं तेव्हा कॅमच्या बेअरिंगची रांगही वाकते. खालचा भाग कापून सपाट केला तरी वरची रांग वाकडीच राहते. मग कॅम अडकत फिरतो, बेअरिंगमध्ये फिरणारी मधली जर्नल चावते, कधी कॅमच मोडतो. म्हणून कॅम टोप्यांसह बसवून, व्हॉल्व उघडणारे भाग न लावता, हाताने सहज फिरतो का हे आधी पाहायचं. फिरत नसेल तर हेड सरळ करणं पहिलं. जाड पोलादी प्लेटवर हेड ठेवून दोन्ही टोकांखाली बाकाच्या हिशेबाने शिम, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे, घालतात, मधले बोल्ट आवळतात, २३० ते २६० अंशांच्या भट्टीत काही तास ठेवतात आणि भट्टीतच हळूहळू निवू देतात. फेसिंग त्यानंतर. या उष्णतेने धातू थोडा नरम पडतो, कारण अशा मिश्रधातूला मुळात सुमारे ५४० अंशांवरून विझवून आणि १५० ते १८० अंशांवर मुरवून कडकपणा दिलेला असतो. आधीच फार तापलेल्या हेडची कठीणता भट्टीत घालण्याआधी तपासावी. नरम पडलेलं हेड कितीही सुरेख फेस केलं तरी बोल्टखाली दबत राहतं आणि पॅकिंग पुन्हा जातं.

सगळ्यात मोठा फरक १९८० आणि ९० च्या दशकांत पडला. आरोग्याच्या कारणाने ॲस्बेस्टॉस मागे पडलं, त्याच्या जागी पोलादी गाभ्यावरचं ग्राफाइट आलं. मग स्टेनलेसच्या पातळ पत्र्यांचे थर असलेलं, सिलिंडरभोवती उठावदार कडी उमटवलेलं पॅकिंग सर्रास झालं. मऊ पॅकिंगला थोडा खरखरीतपणा लागायचा. पृष्ठभाग आरशासारखा झाला तर ते पकड सोडून बाहेर सरकायचं. त्याच्यासाठी १.५ ते २.५ मायक्रॉन आरए (सरासरी खरखरीतपणा) ठीक होतं. थरांच्या पॅकिंगवर रबराचं लेपन असतं ते मिलिमीटरच्या काही शतांशांचं. खोल चरा भरण्याची त्याची कुवतच नाही. वर सांगितलेली हेडची सरकासरक खरखरीत पृष्ठभागावर झाली तर लेपन ओरबाडून निघतं. म्हणून इथे ०.८ मायक्रॉनच्या आत, काही ठिकाणी ०.५ पर्यंत उतरावं लागतं. नखाने किंवा डोळ्याने हा फरक कळत नाही. रफनेस टेस्टर लागतो. जुन्या सवयीने फेस केलेलं हेड आणि नवं पोलादी पॅकिंग ही जोडी आजच्या कितीतरी फसलेल्या कामांच्या मुळाशी आहे. गाडी सुरू होते, चालते आणि काही आठवड्यांनी पाणी कमी होऊ लागतं.

इथेच ग्राइंडिंगची सवय नडते. ॲल्युमिनियम दगडाच्या छिद्रांत भरतं, दगड कापायचं सोडून घासू लागतो, आणि पृष्ठभाग तापतो, ओरखडतो. त्याला धारदार कटर लागतो. ॲल्युमिनियमला पीसीडी म्हणजे कृत्रिम हिऱ्याची टीप सर्वांत चांगली. बिडावर मात्र हिरा टिकत नाही, कारण तापल्यावर त्यातला कार्बन लोखंडात विरघळतो. तिथे सीबीएन, म्हणजे क्युबिक बोरॉन नायट्राइड. हा पदार्थ १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी प्रथम बनवला. फिनिश ठरतो फीड, म्हणजे कटर दर फेऱ्याला किती पुढे सरकतो ते, आणि टीपच्या गोलाईवर. फीड दुप्पट केला की चऱ्यांची उंची चौपट होते. त्यामुळे शेवटचा हात ०.०२ ते ०.०५ मिमी खोलीचा, मंद फीडने आणि मध्ये न थांबता एकाच दमात घ्यायचा. मशिन थांबलं तिथे पायरी पडते. टेबल खिळखिळं असेल तर आरए चांगला दिसूनही पृष्ठभाग लाटांचा राहतो. तो दोष स्ट्रेट एजवरच पकडता येतो.

आता किती काढायचं. बाक जाईल आणि फिनिश येईल एवढंच, साधारण ०.१ ते ०.२ मिमीत भागावं. कॉम्प्रेशनवरचा परिणाम मोजता येतो. ६८.५ मिमी बोअर आणि ७२ मिमी स्ट्रोकचं ७९६ सीसी इंजिन, कॉम्प्रेशन ८.७ धरलं, तर एका सिलिंडरची जळणाची जागा सुमारे ३४.५ सीसी. चेंबरचं तोंड पूर्ण बोअरएवढं मानलं तरी ०.२ मिमी कापल्याने ०.७४ सीसी कमी होते आणि कॉम्प्रेशन ८.९ च्या आसपास जातं. हे खपतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या फेसिंगनंतर नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोके येणं, सुरू होऊ शकतं. व्हॉल्व आणि पिस्टनमधलं अंतरही घटतं. वर कॅम असेल तर कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि व्हॉल्व उघडण्याचं टायमिंग मागे पडतं: १०० मिमी व्यासाच्या पुलीवर ०.२५ मिमी कापल्यास क्रँकचा सुमारे अर्धा अंश. कॅम खाली ब्लॉकमध्ये असलेल्या पुशरॉडच्या इंजिनात टॅपेट (व्हॉल्वचं अंतर) नव्याने सेट करून निभावतं. डिझेलमध्ये हिशेब फार कडक असतो. तिथे कॉम्प्रेशन दुपटीहून जास्त, प्रीचेंबर (जळण सुरू होणारी हेडमधली छोटी खोली) असेल तर त्याची टोपी हेडच्या पातळीशी शतांशात जुळलेली, आणि काही उत्पादक फेसिंगला साफ मनाई करतात. अनेक डिझेल इंजिनांना पॅकिंग वेगवेगळ्या जाडीत मिळतं. जाडी कडेच्या खाचांवरून किंवा भोकांवरून ओळखायची आणि पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे डायल गेजने मोजून निवडायची.

कामाचा क्रम चुकला तर पैसे दोनदा जातात. आधी प्रेशर टेस्ट: पाण्याची भोकं बंद करून, हेड गरम पाण्यात बुडवून २ ते ३ बार हवा भरायची आणि बुडबुडे पाहायचे. तडा व्हॉल्व सीटच्या मध्ये असेल तर फेसिंगचा विचारच नंतर. मग सरळ करणं, वेल्डिंग, व्हॉल्वचे गाइड आणि सीट, आणि शेवटी फेसिंग. ब्लॉकचा माथाही त्याच स्ट्रेट एजने तपासायचा, कारण सांध्याला दोन बाजू असतात. ब्लॉकवरचं जुनं पॅकिंग ग्राइंडरला लावलेल्या पॉलिश डिस्कने काढू नये. डिस्क सपाटी घालवतेच, शिवाय तिची ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी तेलात उतरून बेअरिंग खाते. बोल्टची भोकं हवेने कोरडी करायची; तळाशी तेल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट उतरताना ब्लॉक फुटू शकतो. ठरावीक अंश फिरवून आवळायचे बोल्ट असतील तर नवेच घ्यायचे. जुन्या मऊ पॅकिंगला ५०० ते १,००० किलोमीटरनंतर पुन्हा आवळावं लागे, थरांच्या पॅकिंगला लागत नाही.

आणि फेसिंग झाल्यावर हेडची उंची व्हर्नियरने मोजून, किती काढलं तो आकडा हेडच्या बाजूवर, पॅकिंगच्या पृष्ठभागापासून दूर, पंचने उमटवावा. पुढचा मेकॅनिक त्याच आकड्यावरून ठरवेल की हे हेड अजून एक फेसिंग सोसेल की नाही.