आदिवासी सदस्यत्वाची पडताळणी (कॅनडातील विद्यापीठे)

आदिवासींसाठी राखलेल्या विद्यापीठातील जागा, शिष्यवृत्त्या, अध्यापकपदे आणि संशोधननिधी यांवर हक्क सांगणारी व्यक्ती खरोखरच एखाद्या आदिवासी राष्ट्राची सदस्य वा नागरिक आहे का, हे कागदपत्रे आणि त्या समाजाची साक्ष यांवरून तपासण्याची पद्धत. कॅनडात २०२१पर्यंत बहुतेक विद्यापीठांत अर्जावरच्या चौकटीत खूण केली की अर्जदार आदिवासी ठरत असे. पुरावा मागणे असभ्यपणाचे मानले जाई, आणि त्याला कारणही होते. ज्यांची ओळख पुसण्यासाठी सरकारने शतकभर कायदे केले, त्यांच्याकडेच पुन्हा ओळखपत्र कोणत्या तोंडाने मागायचे?

कॅनडाच्या १९८२च्या घटना कायद्यातले कलम ३५ तीन समूह मानते : इंडियन (यांना आज फर्स्ट नेशन्स म्हणतात), इन्युइट आणि मेती. २०२१च्या जनगणनेत या तिन्हींचे मिळून १८,०७,२५० लोक नोंदले गेले. लोकसंख्येत त्यांचा वाटा ५ टक्के. मराठीत यांच्यासाठी ‘मूलनिवासी’ हा शब्द सुचतो, पण महाराष्ट्रात त्याला बहुजन चळवळीतला निराळा अर्थ चिकटलेला आहे, म्हणून इथे ‘आदिवासी’ हाच शब्द ठेवला आहे. ‘नागरिक’ हा शब्द मात्र शब्दशः घ्यायचा. ब्रिटिश कोलंबियातल्या निस्गा राष्ट्राशी झालेला करार २००० साली अमलात आला, तेव्हापासून त्या राष्ट्राचे स्वतःचे नागरिकत्व आहे आणि ते आईच्या कुळावरून ठरते. म्हणजे ‘तुझ्या अंगात कोणते रक्त आहे’ हा प्रश्नच इथे नाही. आपल्या खेड्यात अनोळखी पोराला म्हातारी माणसे विचारतात, ‘कुणाचा रे तू?’ पडताळणीचा प्रश्न त्याच्या जवळचा आहे.

यादी आणि तिचा इतिहास : फर्स्ट नेशन्सच्या बाबतीत सर्वात सोपा पुरावा म्हणजे सरकारी ‘स्टेटस कार्ड’. ज्याचे नाव केंद्र सरकारच्या इंडियन रजिस्टरमध्ये आहे त्याला ते मिळते. पण ही यादी कशासाठी जन्माला आली हे पाहिल्याशिवाय आजचा वाद कळत नाही. १८७६च्या इंडियन अ‍ॅक्टचा हेतू ‘इंडियन’ लोकांची संख्या कमी करत नेण्याचा होता. त्याच्या कलम ८६ नुसार एखाद्या इंडियनाने डॉक्टरकीची किंवा विद्यापीठाची कोणतीही पदवी घेतली, वकिली सुरू केली किंवा तो पाद्री झाला, तर तो आपोआप इंडियन राहत नसे. शिकला की तो सुधारला, आणि सुधारलेला माणूस इंडियन कसा, असे ते तर्कट होते. १८८०च्या दुरुस्तीने ‘आपोआप’ गेले आणि अर्ज करण्याची अट आली. ज्या पदवीमुळे एके काळी यादीतून नाव जात होते, त्याच पदवीच्या दारात आज ‘यादीत नाव आहे का’ असे विचारले जाते.

बायकांवरचा अन्याय याहून लांबला. इंडियन बाईने इंडियन नसलेल्या पुरुषाशी लग्न केले की तिचे नाव कटत असे. उलट इंडियन पुरुषाशी लग्न केलेली गोरी बाई यादीत चढत असे. न्यू ब्रन्सविकमधल्या टोबिक वस्तीच्या सँड्रा लव्हलेस यांनी हे प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपुढे नेले. १९८१ मध्ये समितीचा निर्णय कॅनडाविरुद्ध गेला. १९८५च्या सी-३१ विधेयकाने ती तरतूद काढली आणि लाखाहून अधिक लोकांना ‘दर्जा’ (म्हणजे यादीत नाव असण्याचा कायदेशीर ‘स्टेटस’) मिळाला वा परत मिळाला. मात्र त्याच विधेयकाने दुसरी कात्री ठेवून दिली. कलम ६(१) मधल्या व्यक्तीला यादीबाहेरच्या जोडीदारापासून झालेले मूल ६(२) मध्ये जाते. त्या मुलानेही यादीबाहेर लग्न केले तर नातवंडाला काहीच मिळत नाही. दोन पिढ्या बाहेर लग्ने झाली की नाव संपते. आजीच्या मांडीवर क्री भाषा शिकलेला नातू त्यामुळे यादीबाहेर असू शकतो, आणि ज्याने वस्ती कधी पाहिलीच नाही असा माणूस यादीत असू शकतो. १९८५ पासून फर्स्ट नेशन्सना आपल्या सदस्यत्वाचे नियम स्वतः करण्याची मुभा आहे. त्यामुळे ‘दर्जा’ एकीकडे आणि ‘सदस्यत्व’ दुसरीकडे, अशीही माणसे निघतात.

मेती म्हणजे जनावरांच्या केसाळ कातड्यांच्या (फरच्या) व्यापारातून पश्चिम कॅनडात घडलेला स्वतंत्र समाज. मिशिफ ही त्याची भाषा आणि लुई रिएल हा त्याचा पुढारी. त्याला १८८५ मध्ये रिजायना इथे फाशी दिले गेले. केवळ मिश्र वंशाचा माणूस म्हणजे मेती, ही समजूत चुकीची आहे, पण तीच सर्वात जास्त पसरलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये पाउली खटल्यात (खटला एका मूस हरणाच्या शिकारीवरून उभा राहिला होता) तीन कसोट्या दिल्या : स्वतःला मेती मानणे, ऐतिहासिक मेती समाजाशी वंशाचे नाते असणे आणि आजच्या मेती समाजाने आपला मानणे. मेती संघटना नागरिकत्व देण्याआधी वंशावळ मागतात, आणि ती सिद्ध करताना एकोणिसाव्या शतकातली ‘स्क्रिप’ची कागदपत्रे कामी येतात. मेतींचा जमिनीवरचा हक्क मिटवण्यासाठी सरकारने १६० किंवा २४० एकरांचे वा तितक्याच डॉलरांचे कागद वाटले होते. बहुतेक जमीन सटोडियांच्या घशात गेली. कागद तेवढे अभिलेखागारात उरले.

इन्युइट कधीच इंडियन रजिस्टरमध्ये नव्हते. त्यांची नावे जमीन-करारांच्या लाभार्थी यादीत असतात, उदाहरणार्थ १९९३च्या नुनावुत कराराच्या.

२०२१चा स्फोट : सत्य व सलोखा आयोगाने २०१५ मध्ये आदिवासी मुलांच्या निवासी शाळांतल्या छळाचा अहवाल देऊन ९४ शिफारशी केल्या. त्यानंतर विद्यापीठांत आदिवासी अध्यापक नेमण्याची अहमहमिका लागली. जागा झाल्या, मानाची पदे आली, आणि ज्यांचे कधी नाव ऐकले नव्हते अशा पणज्या लोकांना आठवू लागल्या. अशा लोकांसाठी इंग्रजीत ‘प्रिटेंडियन’ हा शब्द आहे : प्रिटेंड अधिक इंडियन. महाराष्ट्रात ‘बोगस आदिवासी’ म्हणतात तोच रोख.

ऑक्टोबर २०२१ मध्ये सीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेने सस्कॅचेवान विद्यापीठातील प्राध्यापक कॅरी बोरासा यांच्या आदिवासी असण्याच्या दाव्याला वंशावळीतून आधार सापडत नसल्याचे वृत्त दिले. बोरासा कॅनडाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेतील आदिवासी आरोग्य विभागाच्या वैज्ञानिक संचालकही होत्या. जून २०२२ मध्ये त्यांनी विद्यापीठाचा राजीनामा दिला. विद्यापीठाने मेती वकील जीन टेये यांना अहवाल लिहायला सांगितले. त्या लुई रिएलच्या भावंडांच्या वंशातल्या. ऑक्टोबर २०२२च्या त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष रोखठोक होता : माणूस स्वतःविषयी जे सांगतो तेवढ्यावर विसंबून चालणार नाही. मार्च २०२२ मध्ये फर्स्ट नेशन्स युनिव्हर्सिटी ऑफ कॅनडाच्या पुढाकाराने आदिवासी विद्वानांची राष्ट्रीय परिषदही याच विषयावर भरली होती. ही गोष्ट महत्त्वाची आहे. पडताळणीची मागणी आदिवासी अध्यापक आणि ज्येष्ठ यांच्याकडूनच जोराने आली. प्रशासन मागाहून जागे झाले.

सगळीच प्रकरणे खोटेपणाची नसतात. न्यूफाउंडलंडमधील मेमोरियल विद्यापीठाच्या अध्यक्ष व्हियान टिमन्स यांच्या बाबतीत २०२३ मध्ये वाद झाला तो मिगमॉ (पूर्व किनाऱ्यावरचा एक फर्स्ट नेशन्स समाज) वारशाच्या उल्लेखावरून आणि सरकारची मान्यता नसलेल्या एका गटाच्या सदस्यत्वावरून. आपण आदिवासी असल्याचा नव्हे, पूर्वजांचा दावा केला, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना पद सोडावे लागले. पूर्वज असणे आणि सदस्य असणे यांतला फरक या प्रकरणाने लोकांपुढे आणला. सतराव्या शतकातली एखादी आदिवासी पूर्वज लाखो फ्रेंच-कॅनडियन लोकांच्या वंशावळीत सापडते. तेवढ्याने कोणतेही राष्ट्र त्यांना आपले म्हणत नाही.

प्रत्यक्ष पद्धत : सस्कॅचेवान विद्यापीठाने जुलै २०२२ मध्ये जे धोरण लागू केले त्याचे नाव सोटो, मिशिफ आणि क्री या तीन भाषांतले आहे : ‘देब्वेविन, तापवेविन, ताप्वेविन’. तिन्हींचा अर्थ सत्य. ते आखण्यात आदिवासी सदस्यांचाच हात होता. साधारण रीत अशी : अर्जदाराने स्टेटस कार्ड, मेती नागरिकत्वाचे कार्ड किंवा इन्युइट लाभार्थी कार्ड दाखवले की काम झाले. ते नसेल तर प्रकरण आदिवासी सदस्यांच्या समितीकडे जाते. तिथे कुटुंबाचे नाव, वस्ती, नातेवाईक, वंशावळ आणि समाजातल्या जाणत्यांचे पत्र यांवर बोलणे होते. इतर विद्यापीठांचे तपशील वेगळे आहेत, पण ‘आधी कार्ड, नाहीतर समिती’ हा साचा पुष्कळ ठिकाणी आढळतो. डीएनए चाचणीला यात स्थान नाही. प्रयोगशाळा पूर्वजांविषयी अंदाज देऊ शकते, सदस्यत्व देऊ शकत नाही. अमेरिकेतल्या चेरोकी नेशननेही २०१८ मध्ये सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांच्या डीएनए चाचणीवर नेमके हेच म्हटले होते.

समितीच्या वाटेची खरी गरज ज्यांना आहे ते लोक वेगळेच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हजारो आदिवासी मुले सरकारी यंत्रणेने उचलून गोऱ्या घरांत दत्तक दिली. या प्रकाराला ‘सिक्स्टीज स्कूप’ म्हणतात. नाव बदललेले, दत्तकाची कागदपत्रे बंद, सख्खी आई कोण हे माहीत नाही. अशा माणसाला ‘तू कुणाचा’ हा प्रश्न फार लागतो. आणि भामट्याची कहाणीही बहुधा याच वळणाची असते : कागद हरवले, घरात बोलत नसत, आजीने मरताना सांगितले. दोन्ही कहाण्या ऐकायला सारख्या. फरक ओळखायला त्या समाजातलीच माणसे लागतात. कार्यालयातल्या लिपिकाचे ते काम नाही.

कार्ड म्हणजे ब्रह्मवाक्य, असेही नाही. टोरांटोच्या एका बाईने २०१६ मध्ये आपल्या दोन मुली एका इन्युइट आईच्या पोटच्या असल्याचे खोटे लिहून त्यांची नावे नुनावुतच्या यादीत चढवली. त्या जोरावर त्यांच्या शिक्षणासाठी इन्युइट संस्थांकडून दीड लाखाहून अधिक डॉलर मिळाले. २०२३ मध्ये नावे काढली गेली आणि जून २०२४ मध्ये त्या बाईला तीन वर्षांची कैद झाली. विद्यापीठाने कार्ड पाहिले असते तरी ते अस्सलच निघाले असते.

न्यूफाउंडलंडमधले क्वालिपू प्रकरण तर मोजदादीच्या मर्यादेचा नमुना आहे. २०११ मध्ये या मिगमॉ फर्स्ट नेशनला मान्यता मिळाली तेव्हा दहा-बारा हजार सदस्य होतील अशी अपेक्षा होती. अर्ज आले एक लाखाहून अधिक; बेटाच्या प्रांताची सगळी लोकसंख्याच पाच लाखांच्या आसपास. मग नियम कडक केले गेले, बाहेर राहणाऱ्यांसाठी गावाशी संबंध किती याची गुणपद्धती आली, आणि २०१८ मध्ये यादी सुमारे १८ हजारांवर आली. आधी दर्जा मिळालेल्या दहा हजारांहून अधिक लोकांचा तो गेला. काही घरांत एक भाऊ आत आणि दुसरा बाहेर राहिला.

मेतींमध्ये तर कोणाचे कार्ड धरायचे यावरच भांडण आहे. मॅनिटोबा मेती फेडरेशन ही प्रांतिक संघटना २०२१ मध्ये मेतींच्या राष्ट्रीय संघटनेतून बाहेर पडली. ओंटारियोतल्या काही समूहांना मेती मानायला तिचा विरोध आहे. विद्यापीठाला या भांडणात पंच व्हायचे नसते; पण कोणती कार्डे चालतील याची यादी लावली की पंचगिरी झालीच.

इतरत्र : अमेरिकेत केंद्राची मान्यता असलेल्या पाचशे सत्तरहून अधिक जमाती आहेत आणि नोंदणीचे नियम जमातीच ठरवतात, तरी मिशिगन राज्याची १९७६ पासूनची शुल्कमाफी अजून एक-चतुर्थांश रक्ताचा हिशेब मागते. ऑस्ट्रेलियात वंश, स्वतःची ओळख आणि समाजाची मान्यता अशी तिहेरी कसोटी आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळे वाचताना ‘व्हॅलिडिटी’ आठवल्याशिवाय राहणार नाही. इथल्या जमात पडताळणीचा पाया ज्या खटल्याने घातला तोही विद्यापीठप्रवेशाचाच होता : १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात महादेव कोळी असल्याच्या दाव्यावर वैद्यकीय प्रवेश मिळाला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला आणि पडताळणी समिती, दक्षता पथक, रूढी-परंपरांची चौकशी ही रचना घालून दिली. राज्याने २००१ मध्ये त्याचा कायदा केला. तिथे स्क्रिपचे कागद, तसे इथे ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे शाळेचे दाखले आणि कोतवाल बुकातल्या नोंदी. बोली, देव, लग्नविधी विचारणारी ‘अ‍ॅफिनिटी टेस्ट’ म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये आदिवासी ठाकूर जमातीच्या खटल्यात सांगितले. जुन्या कागदाचे वजन त्यामुळे वाढले. मोठा फरक सहीचा आहे. कॅनडातल्या मेती कार्डावर मेती सरकारची सही असते. इथल्या वैधता प्रमाणपत्रावर सरकारी समितीची असते, आणि ठाकूर, कोळी महादेव किंवा हलबा यांच्या कोणत्याही जातपंचायतीला ती करण्याचा अधिकार नाही.