लेव्हिट, हेलन

(३१ ऑगस्ट १९१३ – २९ मार्च २००९). न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरचे रोजचे जगणे टिपणाऱ्या अमेरिकन छायाचित्रकार व चित्रपटकार. जन्म ब्रुकलिनमधील बेन्सनहर्स्ट भागात, एका ज्यू कुटुंबात. शालेय शिक्षण अर्धवट सोडून त्या ब्राँक्समधील एका व्यावसायिक छायाचित्रकाराकडे कामाला लागल्या. फिल्म धुणे, प्रिंट काढणे ही अंधारखोलीतली कामे त्या तिथेच शिकल्या. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ १९३५ मध्ये न्यूयॉर्कला आले असता त्यांची भेट झाली. ब्रुकलिनच्या गोदी परिसरात ते छायाचित्रे घेत असताना लेव्हिट त्यांच्याबरोबर हिंडल्या. पुढल्याच वर्षी त्यांनी जुना लायका कॅमेरा विकत घेतला.

१९३७ च्या सुमारास त्या पूर्व हार्लेममधील मुलांना चित्रकला शिकवीत होत्या. मंदीच्या काळात कलावंतांना काम देण्यासाठी सरकारने काढलेल्या योजनेतली ही नोकरी. जाता-येता त्यांना फरसबंदीवर आणि भिंतींवर मुलांनी खडूने काढलेली चित्रे दिसत. कुठे घोडेस्वार, कुठे एखाद्या मुलीची टिंगल, कुठे हे बटण दाबल्यावर गुप्त दार उघडेल असे बजावणारे वर्तुळ. पावसाने किंवा झाडूने पुसली जाण्याआधी त्यांनी ही चित्रे कॅमेऱ्यात घेतली आणि मग ती काढणाऱ्या पोरांकडे मोर्चा वळवला. १९८७ मध्ये या खडूचित्रांचे स्वतंत्र पुस्तक निघाले. पुस्तक निघण्याच्या चाळीस-पन्नास वर्षे आधीच्या पोरांच्या थट्टामस्करीची इतकी नेटकी नोंद क्वचितच कुठे झाली असेल.

हार्लेम आणि लोअर ईस्ट साइड या दाट, गरीब वस्त्या हे त्यांचे मुख्य क्षेत्र. तिथली घरे कोंदट असल्याने उन्हाळ्यात सगळे बिऱ्हाडच बाहेर येई. म्हाताऱ्या खिडकीत कोपरे टेकून बसत, बायका दारापुढच्या पायऱ्यांवर गप्पा मारीत आणि रस्ता मुलांच्या ताब्यात असे. लेव्हिट यांच्या कॅमेऱ्याला काटकोनात पाहण्याची सोय करणारा दर्शक जोडलेला असे. त्यामुळे त्यांचे तोंड एकीकडे आणि भिंग दुसरीकडे राही, आणि ज्यांचे छायाचित्र घेतले जात आहे त्यांना बहुधा पत्ताच लागत नसे. अशा चोरट्या टिपण्याबद्दल आज कुणी आक्षेप घेईल, आणि तो अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. पण त्याशिवाय ही मोकळी देहबोली हाती लागली नसती हेही खरे.

१९४० च्या सुमाराच्या त्यांच्या एका प्रसिद्ध छायाचित्रात दोन मुलगे फुटलेल्या आरशाची रिकामी चौकट धरून उभे आहेत. चौकटीतून सायकलवरचा एक लहानगा दिसतो, काही पोरे वाकून काचा पाहत आहेत आणि मागून मोठी माणसे आपल्याच नादात चालली आहेत. प्रसंग काय, पुढे काय झाले, याचा खुलासा कुठेही नाही. छायाचित्राखाली ‘न्यूयॉर्क’ आणि अंदाजे वर्ष एवढेच लिहायचे, हा त्यांचा शिरस्ता. मुलाखतींतही त्या आपल्या कामाचा अर्थ सांगायला तयार नसत. त्या काळी गरीब वस्तीतले छायाचित्र म्हटले की सामाजिक सुधारणेची हाक अपेक्षित असे. लेव्हिट यांच्या चित्रांत दारिद्र्य स्पष्ट दिसते, कीव मात्र दिसत नाही. माणसांचे उभे राहणे, लवणे, नाचणे, भांडणे यांतच त्यांचे लक्ष गुंतलेले असते.

हॅलोवीनचे मुखवटे घालून दाराबाहेर आलेल्या तीन मुलांचे त्यांचे छायाचित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या नव्या छायाचित्र विभागाच्या पहिल्या प्रदर्शनात मांडले (१९४०). १९४३ मध्ये तिथेच मुलांच्या छायाचित्रांचे त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन झाले. १९४१ मध्ये त्या मेक्सिको सिटीत काही काळ राहिल्या. परदेशातले त्यांचे उल्लेखनीय काम एवढेच. लेखक जेम्स एजी आणि चित्रकार जॅनिस लोब यांच्यासह त्यांनी पूर्व हार्लेममध्ये ‘इन द स्ट्रीट’ हा लघुपट चित्रित केला. ‘द क्वाएट वन’ (१९४८) या चित्रपटाच्या लेखनात त्यांचा वाटा होता व त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. एजी यांच्या निबंधासह त्यांचा ‘अ वे ऑफ सीइंग’ हा छायाचित्रसंग्रह १९४० च्या दशकातच आकाराला आला होता, पण तो छापून आला १९६५ मध्ये. तोवर एजी यांच्या मृत्यूला दहा वर्षे झाली होती.

१९५९ व १९६० मध्ये मिळालेल्या गुगनहाइम शिष्यवृत्तींवर त्या रंगीत छायाचित्रणाकडे वळल्या. जाहिराती आणि मासिकांबाहेर रंगाला तेव्हा फारशी प्रतिष्ठा नव्हती. १९७० मध्ये घरफोडी झाली आणि यातल्या बहुतेक पारदर्शिका (स्लाइड) चोरीला गेल्या. त्यांनी पुन्हा त्याच वस्त्यांत जाऊन नव्याने काम केले. १९७४ मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांच्या ४० रंगीत पारदर्शिका भिंतीवर प्रक्षेपित करून दाखवण्यात आल्या. कलाक्षेत्रात रंगीत छायाचित्रणाला मान्यता मिळाली ती विल्यम एगल्स्टन यांच्या १९७६ च्या प्रदर्शनाने, असे सर्रास सांगितले जाते. लेव्हिट यांचा कार्यक्रम त्याच इमारतीत दोन वर्षे आधी झाला होता.

या नंतरच्या चित्रांत मुले कमी आणि म्हातारी माणसे, मोटारी, कुत्री जास्त दिसतात. दूरचित्रवाणी आल्यावर लोक घरात बसू लागले आणि रस्ते ओस पडले, अशी लेव्हिट यांची तक्रार होती. मॅनहॅटनमधील एका जिनेवाल्या इमारतीतल्या घरात त्या अविवाहित राहिल्या. वयाच्या ९५ व्या वर्षी न्यूयॉर्कमध्येच त्यांचे निधन झाले.