घाट उतरणाऱ्या एसटीचं गणित

रत्नागिरीत शहर बस चालवते ती एसटी. रहाटाघर, मारुती मंदिर, साळवी स्टॉप, मिरकरवाडा, भाट्ये अशा फेऱ्या मारणारी गाडी आणि आंबा घाट चढून कोल्हापूरला जाणारी गाडी बऱ्याचदा एकाच घराण्यातली असते. मुंबई-पुण्याचा पाहुणा हमखास विचारतो, आमच्याकडच्यासारख्या बुटक्या, एका पावलात आत शिरता येणाऱ्या बस इथे का नाहीत? पैशाचा प्रश्न आहेच, पण त्याहून मजेशीर उत्तर रस्त्यात दडलंय.

आधी गाड्यांची ओळख करून घेऊ. एसटी परंपरेने टाटा किंवा अशोक लेलँडची नुसती चासी, म्हणजे इंजिन-चाकांसह गाडीचा सांगाडा, विकत घेते आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या आपल्या कार्यशाळांत तिच्यावर बॉडी चढवते. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाल गाड्या बाहेरून जुळ्या बहिणी वाटतात. फरक मॉडेलच्या आकड्यात सापडतो. टाटाची १५१२ घ्या. पहिले दोन अंक म्हणजे भरल्या गाडीचं वजन, सुमारे १५ टन. पुढचे दोन म्हणजे ताकद, दहाने गुणायची: १२० अश्वशक्तीच्या आसपास. ही पद्धत मर्सिडीज-बेंझची. १९५४ मध्ये टाटांनी त्या कंपनीशी करार केला, तेव्हा गाड्यांबरोबर आकडेही आले. आंब्याच्या पेट्या वाहणारी ४०७ त्याच हिशेबातली, चार टन आणि सत्तर अश्वशक्ती. लेलँडच्या ‘वायकिंग २२२’ मधला आकडा मात्र वजनाचा नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं ते अंतर आहे, इंचांत. म्हणजे साधारण ५.६४ मीटर.

घाटात हेच अंतर छळतं. वळताना मागची चाकं पुढच्यांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापत जातात. पुढचं चाक १२ मीटर त्रिज्येच्या वळणावर असेल, तर वायकिंगचं मागचं चाक जवळजवळ १.४ मीटर आत येतं. चाकांमधलं अंतर निम्मं केलं तर हे आत येणं निम्म्यावर नव्हे, चौथाईवर येतं, कारण ते अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं. कर्जतहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत मिनीबस का जाते, याचं निम्मं उत्तर या वर्गात आहे.

बुटक्या बसची अडचण निराळी. तिचा तळ जमिनीपासून ४०० मिलिमीटरवर, इंजिन मागे, आणि मागच्या चाकांच्या पाठी लांबच लांब शेपूट. सपाट रस्ता संपून एकदम चढ लागला की ते शेपूट घासतं. ट्रकच्या चासीवरची एसटी मीटरभर उंच असते, तिला ही भीती नाही. किंमत मात्र प्रवासी मोजतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट माफ आहे, महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं आहे, पण दाराच्या त्या उंच पायऱ्यांवर कसली सवलत नाही.

लोकांना वाटतं, घाटात गाडीची परीक्षा चढताना होते. चढताना फार तर गाडी रडतखडत जाईल. खरी परीक्षा उतरताना. पंधरा टनांची बस ५०० मीटर खाली आणायची म्हणजे सुमारे ७.३६ कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची. एवढ्या उष्णतेत अडीचशे लिटर पाणी उकळेल. थोडी ऊर्जा टायरांत आणि वाऱ्यात जाते. उरलेली सगळी ब्रेकवर टाकली तर चार चाकांचे लोखंडी ड्रम काही शे अंशांनी तापतात. तापलेला ड्रम फुगून लायनरपासून, म्हणजे त्याला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या अस्तरापासून, दूर सरतो, लायनरची पकड ढिली पडते आणि पायाखाली ब्रेक असून नसल्यासारखा होतो. शिवाय ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. पुन्हा पुन्हा दाबला की टाकीतला दाबही उतरतो.

म्हणून जुना ड्रायव्हर ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरतो. उतार चाकांना ढकलतो, चाकं इंजिन फिरवतात आणि इंजिन गाडीला मागे ओढतं. पण पेट्रोल इंजिनात हवेची वाट अडवणारी झडप असते, तशी जुन्या डिझेल इंजिनात नसते, त्यामुळे त्याचा नुसता विरोध कमी पडतो. त्यावर उपाय एक्झॉस्ट ब्रेकचा: धुराच्या नळीत एक पडदी आडवी येते, आत कोंडलेल्या हवेवर पिस्टनना जोर लावावा लागतो, आणि गाडीला शक्ती देणारं इंजिन तिची शक्ती खाऊ लागतं. तो गुरगुरता आवाज ऐकू आला की मी निवांत होतो. घाटात शांतपणे पळणाऱ्या डिझेल बसवर माझा विश्वास नाही.

इलेक्ट्रिक बसने हा हिशेब उलटा केला. उतरताना तिची मोटर जनित्र होते आणि वरच्या आकड्यातले काही युनिट बॅटरीत परत येतात. पाचशे मीटरची एकूण ऊर्जा साधारण २० युनिट. त्यातली अर्धी हाती लागली तरी सपाटीवरचे आठ-दहा किलोमीटर सुटले. शिवाय मोटर शून्य वेगापासून पूर्ण जोर देते, म्हणजे भर चढावरच्या थांब्यावरून निघताना क्लच जळायचा प्रश्नच नाही. एसटीने भाड्याने घ्यायच्या ठरवलेल्या ५,१५० इलेक्ट्रिक बसमध्ये १२ मीटर आणि ९ मीटर अशा दोन्ही लांबीच्या गाड्या आहेत. रत्नागिरीच्या गल्ल्यांना आणि वळणांना माझं मत नऊ मीटरला.

एक गोम राहतेच. पूर्ण भरलेल्या बॅटरीत आणखी वीज मावत नाही. रत्नागिरीहून निघालेली बस आधी चढेल, बॅटरी रिकामी करील, मग उतरेल. तिला अडचण नाही. महाबळेश्वरला रात्रभर चार्ज होऊन सकाळी आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणाऱ्या बसची गोष्ट वेगळी. जवळजवळ १,३०० मीटरचा उतार, म्हणजे पन्नासेक युनिट ऊर्जा, आणि बॅटरी काठोकाठ भरलेली. मोटरचा ब्रेक नेमका पहिल्याच वळणांवर लंगडा पडेल आणि भार पुन्हा चाकांच्या ब्रेकवर येईल. अशा डेपोत रात्रीचं चार्जिंग शंभर टक्क्यांवर न नेता थोडं आधीच तोडावं लागेल. खाली पोचेपर्यंत उरलेली जागा घाटच भरून देईल.